धक्का कुठं जातो?

पहाटे साडेपाच. मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये अंधार, कोल्हापुरात संध्याकाळचे पाच. शिरोली एमआयडीसीतलं आपलं छोटं वर्कशॉप बंद करून आप्पा फोन लावतात ती हीच वेळ. त्यांना शिकारीत रस नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली ते बरंच झालं, असं ते म्हणतात आणि मलाही ते मान्य आहे. इथे मात्र हरणं किती मारायची हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, त्याप्रमाणे परवाने देतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस रायफलचा हंगाम सुरू होतो. त्यासाठी मला एक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे. आजची रजा त्याच्यासाठीच काढली आहे.

“बघायला जातोय, आप्पा.”

“जा की. पण धक्का कुठं जातोय ते आधी बघ. बाकी सगळं पॉलिश.”

चाळीस वर्षं प्रेस आणि लेथ दुरुस्त केलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. गोळी पुढे ढकलणारा दाब काडतुसाचं बूडही मागे ढकलतो. तो जोर बोल्टवर येतो. बोल्टवरून पुढे कुठे जातो, कोणत्या भागावर टेकतो आणि तो भाग झिजला की काय होतं, एवढं कळलं की रायफल कळली.

सहा वाजता चहाचा कप आणि पेटंटची चित्रं. ड्रॉइंग वाचता येणाऱ्यानं ही चित्रं एकदा तरी पाहावीत. प्रत्येक भागाला अक्षर दिलेलं, आणि भाग सरकल्यावर कुठे जाईल ते तुटक रेषेत काढलेलं. समोर दोन पेटंट आहेत. एक बेंजामिन टायलर हेन्री यांचं, १६ ऑक्टोबर १८६० चं. दुसरं जॉन मोझेस ब्राउनिंग यांचं, २१ ऑगस्ट १८९४ चं.

हेन्रीच्या रायफलीत टॉगल आहे. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनमध्ये साचा दाबून धरणारा टॉगल ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. लिव्हर बंद केला की कड्यांच्या पिना एका रेषेत येतात आणि पुढून आलेला जोर सरळ मागच्या पिनेवर, तिथून फ्रेमवर उतरतो. लिव्हर खाली ओढला की मधली पिन रेषेतून सुटते, कड्या दुमडतात, बोल्ट मागे सरकतो. बोटाच्या जोरावर चालणारी, फार गोड यंत्रणा. पण सगळा भार बारीक पिनांवर आणि त्यांच्या भोकांवर. काळ्या दारूच्या कमी दाबाला ते पुरत होतं, म्हणून १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टर रायफलींनी हाच टॉगल ठेवला. १८७६ मध्ये तो मोठा करून पाहिला, तरी लष्कराचं .४५-७० हे लांब काडतूस त्यात मावलं नाही.

युटामधल्या ऑग्डेनच्या ब्राउनिंगनं कड्याच काढून टाकल्या. १८८६ च्या मॉडेलमध्ये बोल्टच्या दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या वर चढतात आणि बोल्टला रिसीव्हरशी जखडतात. १८९४ च्या मॉडेलमध्ये तर एकच रुंद ठोकळा बोल्टच्या पाठीमागे भिंत घालून उभा राहतो. जोर बोल्टमधून ठोकळ्यावर, ठोकळ्यावरून थेट रिसीव्हरच्या खाचेवर. लिव्हरचं काम ठोकळा आणि बोल्ट हलवायचं, धक्का सोसायचं नाही. कागदावर हे दोन पेटंट शेजारी ठेवून पाहिलं की ब्राउनिंगचं मोठेपण कळतं.

सात. निघायच्या आधी वहीत थोडा हिशोब. मला हवं असलेलं काडतूस .३०-३०. त्याचा ठरवून दिलेला कमाल दाब दर चौरस इंचाला ४२,००० पौंड. काडतुसाच्या बुडाचं क्षेत्रफळ धरलं तर बोल्टवर दोन ते अडीच टनांच्या आसपास जोर येतो, तोही सेकंदाच्या अगदी बारीक हिश्श्यात. .३०८ सारख्या आधुनिक काडतुसाचा कमाल दाब ६२,००० आणि बूडही मोठं, म्हणजे जोर जवळजवळ दुप्पट. नेहमीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत कुलूप बोल्टच्या पुढच्या टोकाला, चेंबरला लागून असतं. या जुन्या लिव्हर रायफलींत ते मागे आहे. त्यामुळे दर बाराला पूर्ण बोल्ट किंचित दबतो, रिसीव्हर किंचित ताणला जातो. .३०-३० च्या दाबाला हे सहज चालतं. या यंत्रणेत .३०८ चा हट्ट धरायचा नाही, हे इथेच ठरलं.

साडेसात ते साडेनऊ रस्ता. लॉरेल, ब्रिजर, बेलफ्री, मग वायोमिंगची हद्द. उजवीकडे बेअरटूथचे डोंगर.

साडेनऊ. कोडी गावातलं फायरआर्म्स म्युझियम. बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संस्थेचा हा भाग, सात हजारांहून अधिक बंदुकांचा संग्रह. विंचेस्टर कंपनीचा स्वतःचा संग्रह १९७० च्या दशकात इथे आला आणि कारखान्याच्या जुन्या नोंदवह्याही इथेच आहेत. बघणारे बहुतेक सोन्याचं नक्षीकाम असलेल्या रायफलींपाशी थांबतात. मी लिव्हर उघडा ठेवलेल्या शोधत फिरतो, कारण यंत्र उघडं असतानाच बोलतं.

१८६६ च्या ‘यलो बॉय’च्या पितळी रंगाच्या फ्रेमवर उजव्या बाजूला नेल्सन किंगची झडप दिसते. हेन्रीच्या रायफलीत मॅगझिनची नळी पुढच्या टोकाकडून भरावी लागे आणि नळीखालची लांब खाच उघडीच असे, त्यातून धूळ जाई. किंगनं बाजूला स्प्रिंगची झडप दिली आणि नळी बंदिस्त झाली. आजही नळीच्या मॅगझिनच्या अनेक लिव्हर रायफली तशाच भरतात.

पण माझा सर्वात जास्त वेळ घेतला तो आर्थर सॅव्हेजच्या ‘९९’ नं. हा माणूस जन्मला जमैकातल्या किंग्स्टनला. त्याच्या रायफलीला बाहेर घोडा नाही, आणि काडतुसं नळीत एकामागे एक न राहता आतल्या फिरत्या चकरीत बसतात. हा फरक मोठा आहे. नळीच्या मॅगझिनमध्ये मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं. टोकदार गोळी असेल तर हिसक्यासरशी प्रायमर फुटून नळीतच स्फोट होऊ शकतो. म्हणून .३०-३० च्या गोळ्या चपट्या तोंडाच्या. हवेत त्या लवकर मंदावतात. सॅव्हेजच्या चकरीत ही अडचणच नव्हती. टोकदार गोळी बिनधास्त वापरावी. या शतकाच्या सुरुवातीला हॉर्नाडी कंपनीनं मऊ, लवचीक टोकाची गोळी आणली तेव्हा नळीवाल्यांना थोडी मोकळीक मिळाली. सॅव्हेजनं तोच प्रश्न शंभर वर्षं आधी यंत्रानं सोडवला होता. बोल्टचं मागचं टोक वर उचललं जाऊन रिसीव्हरच्या भरीव पाठीला टेकतं. धक्का कुठं जातो याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या लिव्हर रायफलीत नाही. मला ही सगळ्यांत आवडते. पण तिचं उत्पादन बंद होऊन पाव शतक उलटलं. रोजच्या वापराला मी ती घेणार नाही.

ब्राउनिंग कंपनीची बीएलआर पाहिली. दातेरी चक्रं, फिरणारं बोल्टचं डोकं, .३०८ सहज झेलते. चांगली आहे, पण ती घरी खोलायची म्हणजे परत लावताना दात्याला दाता जुळवा. मला पावसातून आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडता येणारी रायफल हवी आहे.

दुपारी एक. गाडीत बसूनच डबा खाल्ला, परत बिलिंग्ज.

साडेतीन. गावातलं बंदूक दुरुस्तीचं दुकान. मालक सत्तरीचे, भिंगाचा चष्मा कपाळावर. दोन वापरलेल्या रायफली त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवल्यात, दोन्ही .३०-३०. एक विंचेस्टर ९४, एक मार्लिन ३३६. दोन्हींचे लिव्हर उघडून, चेंबरमध्ये बोट घालून, मॅगझिन रिकामं असल्याची आधी त्यांनी खात्री केली, मग रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आता तुम्ही करा.” मी पुन्हा तेच केलं.

विंचेस्टर हातात घेतली की कळतं लोक तिच्यासाठी का वेडे होतात. पातळ, सपाट, एका हातात तोलून धरावी अशी. लिव्हर उघडला की रिसीव्हरचा तळच खाली उतरतो. पण रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणून जुन्या ९४ वर दुर्बीण मधोमध बसवता येत नाही. तिरकं फेकणारी सुधारित आवृत्ती १९८० च्या दशकातली, ही त्याआधीची. या रायफलीच्या स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या होत्या. कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरनं ती खोलली होती. नळीच्या, म्हणजे बॅरलच्या, तोंडाशी भिंग धरलं तर कडा एका बाजूला घासलेली. ९४ चा बोल्ट काढणं खटाटोपाचं, त्यामुळे लोक पुढूनच सळई घालतात आणि वर्षानुवर्षं सळई तोंडाची कडा खाते. गोळी नळी सोडते ती या कडेवरून. ती एका बाजूनं झिजली की नेम गेला.

मार्लिन ३३६ हे १९४८ चं मॉडेल. गोल बोल्ट, रिसीव्हरचा माथा भरीव, रिकामं काडतूस उजव्या बाजूनं बाहेर. मालकांनी एक स्क्रू काढला. लिव्हर खाली सुटून आला, बोल्ट मागून बाहेर सरकला, इजेक्टर अलगद तळहातावर पडला. एवढंच. आता सळई मागून घालता येते आणि नळीच्या तोंडाला हात लागत नाही.

बोल्ट उजेडात धरला. खालच्या बाजूच्या खाचेत लॉकिंग बोल्ट चढतो. खाचेच्या पुढच्या भिंतीवर एक चकचकीत पट्टी होती, रुंदी सगळीकडे सारखी. धक्का इथे येतो आणि तो तिरका येत नाही, हे ती पट्टी सांगते. फायरिंग पिन दोन तुकड्यांत आहे. मागचा तुकडा एका छोट्या स्प्रिंगनं खाली झुकवून ठेवलेला. लॉकिंग बोल्ट पूर्ण वर चढला तरच तो त्याला उचलून पुढच्या तुकड्याच्या रेषेत आणतो. कुलूप अर्धवट लागलं असेल तर घोडा पडूनही ठोका पुढे पोचत नाही. हे मी बोटानं दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. इतकी जुनी ही रचना आजही टिकून आहे यात नवल नाही.

मग कॅरिअर, म्हणजे काडतूस वर उचलणारी पट्टी. लिव्हरचं टोक तिला खालून घासतं आणि जुन्या मार्लिनमध्ये तिथे घळ पडते. घळ खोल गेली की पट्टी वेळेवर उठत नाही आणि रायफल अडकते. इथे फक्त पुसटसा ओरखडा होता. मालक म्हणाले, “लिव्हरच्या टोकाची धार पॉलिश करून देतो, पुढे वाढणार नाही.”

शेवटी हेडस्पेस. .३०-३० ला काठ आहे आणि काडतूस त्या काठावरच चेंबरमध्ये टेकतं. काठ आणि बोल्टच्या तोंडामधली जागा वाढली तर समजायचं की कुलूप झिजलंय. मालकांनी ‘गो’ गेज घातला, लिव्हर बंद झाला. ‘नो-गो’ घातला, लिव्हर बंद झाला नाही. नळीवरचा ‘जेएम’ शिक्का, म्हणजे कनेक्टिकटच्या जुन्या कारखान्याची खूण, बघून लोक जास्त पैसे मोजतात. मी गेज बघून मोजले.

साडेपाच. केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला, ग्रीन कार्डाचा क्रमांक लिहिला, पार्श्वभूमी तपासणी झाली. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना इथे बंदूक घ्यायला सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि अपवाद मोजके आहेत, ते आधी वकिलाकडून समजून घ्यावेत.

आणि वापरलेली लिव्हर रायफल बघायला जाल, तर शिक्का, नक्षी, लाकडाचा रंग हे सगळं नंतर. आधी ती रिकामी आहे याची स्वतः खात्री करा. मग बोल्ट बाहेर काढून दाखवायला सांगा, कुलपाची खाच उजेडात बघा, आणि गेज डोळ्यांदेखत लावून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवून दुसऱ्या दुकानात जा.