सेगँ बेट : पाणी, पूल आणि पगार

पॅरिस ओलांडल्यावर सीन नदी नैर्ऋत्येला जाते आणि बूलोन्य-बियाँकूर या उपनगराला वळसा घालून उत्तरेकडे फिरते. त्या वळणावर, ऐन पात्रात, नावेच्या आकाराचे सेगँ बेट आहे. क्षेत्र अवघे ११.५ हेक्टर, म्हणजे आपल्याकडील २८ एकर. एखाद्या बऱ्या शेतकऱ्याची जमीन म्हणा ना!

नाव पडले आर्मां सेगँ या रसायनशास्त्रज्ञावरून. क्रांतीनंतरच्या फ्रेंच सैन्याला बूट हवे होते आणि या गृहस्थाजवळ कातडे झटपट कमावण्याची युक्ती होती. कातडे कमवायला पाणी मुबलक लागते. पुढे एकोणिसाव्या शतकात इथे धुलाईघरे आली, तीही पाण्यासाठीच.

१९१९ पासून लुई रेनोने बेटावरची जमीन विकत घ्यायला आरंभ केला. भराव घालून बेट उंच केले आणि १९२९ नंतर तिथे मोटारींचा प्रचंड कारखाना उभा राहिला, स्वतःचे वीजघरसुद्धा. ये-जा दोन पुलांवरून. आम्ही चळवळीतली माणसे नकाशा पाहतो तेव्हा दारे आधी मोजतो. दोनच दारे असलेला कारखाना मालकाला राखायला सोपा. परंतु कामगार आत ठाण मांडून बसले, तर तो त्यांनाही तितकाच सोपा! मे १९३६ मध्ये रेनोच्या कामगारांनी नेमके हेच केले. देशभर पसरलेल्या त्या संपांतून जूनमध्ये चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा यांचे कायदे झाले.

१९४५ साली रेनोचे राष्ट्रीयीकरण झाले. तिसरा आठवडा रेनोच्या कामगारांनी १९५५ च्या करारात मिळवला, चौथा १९६२ मध्ये. सबंध देशाला ते कायद्याने मिळाले अनुक्रमे १९५६ व १९६९ साली. घासाघीस झाली बियाँकूरला, रजा भोगली मार्सेयच्या कारकुनानेही.

मात्र बेटाला वाढायला जागा कुठली? १९५२ पासूनच नदीच्या खालच्या अंगाला फ्लँ येथे नवा कारखाना चालू झाला होता. २७ मार्च १९९२ रोजी सेगँवरून शेवटची गाडी निघाली. २००५ पर्यंत इमारती पाडून झाल्या. २०१७ साली तिथे संगीतगृह उघडले, सूर्यासोबत फिरणाऱ्या सौरशिडाचे. दरम्यान जुन्या कामगारांनी, त्यांत अल्जीरिया-मोरोक्कोहून आलेले पुष्कळ, संघटना काढली. मागणी एकच : इथे काम झाले, याची खूण बेटावर राहावी.