फुंकल्यानंतर काय होतं?

नाकाबंदीत ब्रेथ अ‍ॅनालायझरने १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल दाखवलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर सुटका करावी लागते. बचावाचे वकील आधी हीच वेळ तपासतात. ‘फुंकणारच नाही’ म्हणणाऱ्यांनी हुशारी करू नये. सबळ कारण नसेल, तर हा नकारही कोर्टात विरोधात जातो.

गुन्हा जामीनपात्र आहे, पण जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे जावंच लागतं. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स जप्त होऊन निलंबनासाठी आरटीओकडे जातं.

कोणाचा जीव गेला, तर प्रकरण सदोष मनुष्यवधापर्यंत जाऊ शकतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये मोटारीखाली सात मजूर चिरडले गेले. त्या चालकाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.