फळ न धरणाऱ्या झाडाचाही वाटा असतो

परसातल्या पपईला लांब लोंबत्या देठांवर नुसती फुलेच आली, की ‘नर निघाला’ म्हणून तिच्यावर कोयता चालतो. फळांच्या संख्येवरून झाडाची किंमत ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. तिच्यामागचे गैरसमज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : सगळ्याच झाडांत नर आणि मादी वेगळे असतात.

वस्तुस्थिती : सपुष्प वनस्पतींच्या जेमतेम ६ टक्के प्रजातींत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, जायफळ हे त्यातले ओळखीचे उदाहरण. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले स्वतंत्रपणे येतात. पपईत तर नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे आढळतात.

गैरसमज : मादी झाड फळते, परागकण देणारे झाड मुळीच फळत नाही.

वस्तुस्थिती : या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. चार्ल्स डार्विनने १८७७ सालच्या आपल्या ग्रंथात युरोपातल्या युओनिमस या झुडपाची नोंद केली आहे. एका कुंपणात जवळजवळ वाढलेली १३ झुडपे त्याने तपासली. त्यांपैकी ८ मादी होती, त्यांच्या फुलांत परागकण अजिबात नव्हते. उरलेल्या ५ झुडपांची फुले उभयलिंगी होती. शरद ऋतूत एक सोडून सगळी मादी झुडपे फळांनी लगडली. उभयलिंगी झुडपांपैकी एकाला डझन-दोन डझन फळे आली आणि चौघांना काही डझन. मादी झुडपाच्या दोन-तीन फुटांच्या एका फांदीवरच यांतल्या कोणत्याही अख्ख्या झुडपापेक्षा जास्त फळे होती. पपईच्या नर झाडालाही कधीकधी लोंबत्या देठाच्या टोकाशी फळ धरते.

गैरसमज : कमी फळणारे झाड निकामी असते.

वस्तुस्थिती : झाडाचा वंश दोन वाटांनी पुढे जातो : स्वतःच्या बियांतून आणि दुसऱ्या झाडाला दिलेल्या परागातून. मादी झुडपाला दुसरी वाट बंद असते. परागावर खर्च न झालेले अन्न ते फळांकडे वळवू शकते आणि अधिक बिया देऊनच ते उभयलिंगी झुडपांच्या बरोबरीने टिकून राहते. परागकण देणाऱ्या झुडपाचा वाटा मात्र शेजारणीच्या बियांत असतो, म्हणून त्याच्या फांद्यांवरची फळे मोजून तो कळत नाही. जायफळाच्या बागेत साधारण दहा माद्यांमागे एक नर राखतात तो याचसाठी. सगळे नर तोडले, तर माद्यांवरचे उत्पन्नही जाते.

गैरसमज : बी किंवा रोप पाहून नर-मादी ओळखता येते; खोडात खिळा ठोकला की नराची मादी होते.

वस्तुस्थिती : पपईचे लिंग बीजातल्या गुणसूत्रांवर ठरते. बियांचा रंग, आकार किंवा रोपाची मुळे पाहून ते सांगता येत नाही. फुले येईपर्यंत थांबावे लागते. खिळ्याने गुणसूत्रे बदलत नाहीत. खिळा ठोकल्यावर एखाद्या नराला फळ धरलेच, तर हवामानानुसार पपईच्या फुलांत होणारे बदलही लक्षात घ्यावेत. कोकमाचा प्रश्न याहून खर्चिक आहे. बियांपासून लावलेल्या रातांब्यांत निम्म्याच्या आसपास झाडे नर निघतात आणि ते कळेपर्यंत सात-आठ वर्षे गेलेली असतात. म्हणून खात्रीच्या मादी झाडाच्या काडीपासून बांधलेले मृदुकाष्ठ कलम लावणे शहाणपणाचे.

नर-मादी वेगळे असणारी पपई लावायची असेल, तर एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावा आणि फुले दिसल्यावरच विरळणी करा. जादा नर काढायला हरकत नाही. पण बागेत थोडे नर विखरून ठेवा. माद्यांची बीजधारणा या नरांच्याच परागावर अवलंबून असते.