नागपूरच्या कवीचे राज्यगीत
१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली. ती मान्य झाली नाही, आणि १९५६ साली नागपूरचे राजधानीपदही गेले. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत दुमदुमले. श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. शब्द मात्र नागपुरात जन्मलेल्या राजा बढे यांचे! २०२३ साली शासनाने त्यास राज्यगीताचा मान दिला. इतवारीत वेगळ्या विदर्भाचा कैवार घेणाऱ्यांनाही या गीताचा अभिमान वाटावा, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. मात्र ज्या नगरीच्या सुपुत्राने राज्यास गीत दिले, तिची गाऱ्हाणी ऐकणे हे ते गाणाऱ्या राज्यकर्त्यांचे कर्तव्य होय.