गीझर पेटत नसेल तर आधी पाणी पाहा

हिवाळ्यात यवतमाळमधल्या घरात जुना गॅस गीझर पेटेनासा झाला, की पहिला संशय सिलिंडरवर जातो आणि दुसरा सेलवर. पाण्याकडे लक्ष जाते ते सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा हवा, कारण गीझरमध्ये आगीची सुरुवातच पाण्यापासून होते. नळ उघडला की आत शिरणाऱ्या पाण्याच्या जोराने डायफ्राम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, सरकतो. त्याच्या दांडीमुळे मायक्रोस्विच चालू होतो, सेलच्या विजेवर टिकटिक ठिणगी उडते आणि गॅसची वाट मोकळी होते. ज्योत लागल्याचे बर्नरजवळच्या सेन्सरला कळले नाही, तर काही सेकंदांत गॅस बंद होतो.

आता आपल्याकडची घरे पाहू. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला आणि शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. पाणी साठवल्याशिवाय इथे भागत नाही, म्हणून स्लॅबवर टाकी असतेच. पण दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. एकमजली घरात टाकी आणि गीझर यांच्यात जेमतेम दोन मीटरचे अंतर असते, म्हणजे दाब ०.२ बारच्या आसपास. एवढ्यावर बरेच गीझर कसेबसे चालतात. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार जाळीत आणि शॉवरच्या भोकांत साचले, की डायफ्राम हलतच नाही.

म्हणून कान देऊन तपासावे. टिकटिक नसेल, तर शॉवर काढून पाणी मोकळे सोडावे. तेवढ्याने गीझर पेटला तर दोष दाबाचा. मग शॉवर आणि पाणी आत येते तिथली जाळी साफ करावी. तरीही आवाज नसेल, तर सेल बदलून पाहावेत. टिकटिक होते पण ज्योत नाही, तेव्हा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बर्नर पाहावेत. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत अडकलेली हवाही आड येते. पेटून लगेच विझत असेल, तर सेल उतरलेले असतात किंवा सेन्सरवर काजळी धरलेली असते. गॅसचा वास आला तर मात्र काहीही न तपासता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मायक्रोस्विचच्या तारा थेट जोडल्या किंवा दांडी अडकवून ठेवली की काम होते. होते खरे, पण मग नळ बंद असतानाही ज्योत जळत राहू शकते. तांब्याच्या नळीतले पाणी उकळते आणि वाफेच्या जोराने नळी फुटू शकते. पाणी पुरेसे नसताना न पेटणे हीच त्या यंत्राची राखण आहे, ती काढून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. टाकी उंच करणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे फुकट होत नाही, हे मान्य. पण त्याआधी शॉवर आणि जाळी साफ करायला काहीच पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळदा तेवढेच पुरते. खर्च करायचाच असेल, तर तो आधी गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत हलवण्यावर करावा. बंद बाथरूममध्ये हवा अपुरी पडली, की अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणाऱ्या माणसाला तो भोवळ येईपर्यंत कळत नाही.