थॉमसन आणि थॉमसन

थॉमसन हे स्कॉटलंडमध्ये सर्रास आढळणारे आडनाव. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी समुद्राखालच्या तारेतून येणारा क्षीण संदेश टिपणारा आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला. फिलाडेल्फियात रसायनशास्त्र शिकवलेल्या एलिहू थॉमसन यांनी विजेच्या साहाय्याने धातू जोडायची पद्धत शोधली. मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते रॉबर्ट थॉमसन यांचे काम. या तरुण अभियंत्याने १८४५ मध्ये, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी, हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचे आवरण. घोडागाडी आवाज न करता, सहज धावू लागली. पण रबर महाग आणि सायकलींचा जमाना अजून दूर, त्यामुळे कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनी असाच टायर स्वतंत्रपणे घडवला. थॉमसन यांच्या जुन्या पेटंटमुळे डनलॉप यांचे मूळ पेटंट टिकले नाही.