हौसेची मोटार का विकली जाते?

दारी हत्ती झुलावा असे कोणाला वाटत नाही? पण हत्ती घेणे वेगळे आणि पोसणे वेगळे. स्पोर्ट्‌स कारचेही तसेच आहे. मोठ्या हौसेने घेतलेली गाडी माणूस तीनचार वर्षांत विकायला काढतो. तुम्ही म्हणाल, हौस फिटली. पण कारण पुष्कळदा यंत्रातच असते.

इटलीची फेरारी एफ ३५५ घ्या. ही गाडी १९९४ ते १९९९ या काळात निघाली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आहे. त्यातल्या झडपांची उघडझाप रबरी पट्ट्यांवर चालते. पट्टा तुटला की दट्ट्या झडपांवर आदळतो आणि इंजिन निकामी होते. म्हणून दर काही वर्षांनी पट्टे बदलायचे, आणि त्यासाठी अख्खे इंजिन गाडीतून खाली उतरवायचे!

बरे, गाडी उभी ठेवली म्हणून सुटका आहे का? नाही. रबर जागच्या जागीही म्हातारे होते. खर्च येतो तो मैलांच्या हिशेबाने नव्हे, पंचांगाच्या. मग ती तिथी जवळ आली की मालक गिऱ्हाईक शोधू लागतो.

तेव्हा अशी जुनी गाडी स्वस्तात मिळू लागली, तर किती धावली हे मागाहून विचारा. पट्टे केव्हा बदलले, हे आधी विचारा.